मोतीबिंदू शस्त्रक्रिया : श्राव्यातीत शक्तीचा काटेकोर हिशेब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता अगदी किरकोळ झाली आहे, सकाळी रुग्णालयात जायचे आणि दुपारी घरी परतायचे, असे शहरी घरांतून सहज बोलले जाते. बिनटाक्याची, बिनइंजेक्शनची, दहा-पंधरा मिनिटांत आटोपणारी ही शस्त्रक्रिया 'फेको' या सुटसुटीत नावाने ओळखली जाते. मात्र त्या दहा-पंधरा मिनिटांपैकी मोजके काही सेकंद असे असतात, की ज्यांवर डोळ्याचे पुढील कित्येक वर्षांचे आरोग्य अवलंबून असते. या सेकंदांत डोळ्याच्या आत श्राव्यातीत कंपने निर्माण केली जातात. ती किती जोराची असावीत, किती वेळ चालावीत आणि कोणत्या क्षणी थांबावीत, हा नेत्रशल्यविशारदाच्या कौशल्याचा खरा गाभा होय. रुग्णाला याची कल्पना क्वचितच दिली जाते.

प्रथम एका गैरसमजाविषयी. फेको शस्त्रक्रियेला आपल्याकडे सर्रास 'लेझरचे ऑपरेशन' म्हटले जाते आणि काही जाहिरातीही या गैरसमजाला खतपाणी घालतात. वस्तुतः फेकोमध्ये लेझरचा काहीही संबंध नाही. येथे काम करतो तो ध्वनी, आणि तोही मानवी कानाला ऐकू न येणारा. ग्रीक भाषेत 'फेकॉस' म्हणजे मसूर. डोळ्यातील भिंगाचा आकार मसुरासारखा असल्याने हे नाव पडले. गढूळ झालेल्या भिंगाचा चुरा करून, तो पाण्यासारख्या द्रवात मिसळून शोषून घ्यायचा, असे या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप आहे.

दंतवैद्याच्या खुर्चीत सुचलेली कल्पना

या तंत्राचे जनक न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन. 1960च्या दशकात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी डोळ्याला दहा-बारा मिलिमीटरचा छेद द्यावा लागे आणि रुग्णाला कित्येक दिवस अंथरुणात पडून राहावे लागे. छेद लहान करायचा तर एवढे मोठे, कठीण भिंग त्यातून बाहेर काढायचे कसे, हा केलमन यांच्यापुढील प्रश्न होता. अनेक उपकरणे करून पाहिल्यावर ते निराश झाले होते. त्याच सुमारास दात साफ करून घेण्यासाठी ते दंतवैद्याकडे गेले. दातांवरील कीटण काढणारे श्राव्यातीत उपकरण दाताला लागत होते, पण दात हलत नव्हता. नाजूक पिशवीत ठेवलेले भिंग न हलवता फोडण्याची किल्ली त्यांना तेथे सापडली. 1967 साली त्यांनी मानवी डोळ्यावर पहिली फेको शस्त्रक्रिया केली. ती काही तास चालली आणि तिचा निकाल उत्साहवर्धक नव्हता. केलमन यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. सॅक्सोफोन वाजवणारा हा हरहुन्नरी डॉक्टर 2004 साली निवर्तला. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर लास्कर पुरस्कार जाहीर झाला.

सुरुवातीची दोन दशके या तंत्राला जोरदार विरोध झाला. त्याचे कारण केवळ जुन्या पिढीचा हट्ट हे नव्हते. यंत्रे ओबडधोबड होती, शक्तीवर नियंत्रण अपुरे होते आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक डोळ्यांचे पारपटल सुजून पांढरे पडत असे. शिवाय लहान छेदातून मोतीबिंदू काढला, तरी कृत्रिम भिंग बसवण्यासाठी तो पुन्हा मोठा करावाच लागे. घडी घालून आत सरकवता येणारी कृत्रिम भिंगे 1980च्या दशकात आली, तेव्हा लहान छेदाला खरा अर्थ प्राप्त झाला. आज हा छेद सव्वादोन ते तीन मिलिमीटरच्या आसपास असतो.

'शंभर टक्के' म्हणजे नेमके काय?

फेकोच्या हातातील उपकरणात दाबविद्युत स्फटिक असतात. विद्युतदाब बदलला, की ते आकुंचन-प्रसरण पावतात आणि त्यांना जोडलेली टायटेनियमची पोकळ सुई पुढे-मागे हलते. बहुतेक यंत्रांत ही सुई सेकंदाला सुमारे 40 हजार वेळा हलते. हा वेग यंत्रात ठरलेला असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर तो बदलत नाहीत. ते बदलतात तो सुईचा पल्ला. पडद्यावर 100 टक्के शक्ती दिसते, तेव्हा सुई साधारणतः 100 मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर इतकी पुढे-मागे होत असते. 50 टक्के म्हणजे पल्ला निम्मा. यंत्रागणिक हा कमाल पल्ला वेगळा असल्याने एका यंत्राचे 40 टक्के दुसऱ्या यंत्राच्या 40 टक्क्यांइतके असतीलच असे नाही.

एक दशांश मिलिमीटर ही क्षुल्लक हालचाल वाटेल. पण हिशेब मांडला, तर पूर्ण शक्तीवर सुईच्या टोकाचा कमाल वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी सुमारे 45 किलोमीटर भरतो आणि तिचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या तीन लाख पटींहून अधिक असते. शहरातील बसच्या वेगाने धावणारी सुई सेकंदात हजारो वेळा थांबून उलट फिरते, आणि हे सारे घडते ते जेमतेम तीन मिलिमीटर खोलीच्या कप्प्यात. रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरप्रमाणे ती भिंगावर थेट आघात करते. त्याचबरोबर सुई वेगाने मागे जाताना द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि ते फुटताना आसपासचा भाग विस्कळित करतात. या दोहोंपैकी अधिक परिणामकारक काय, याविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. आघातातून निर्माण होणारी ऊर्जा मात्र पल्ल्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शक्ती 30 वरून 60 टक्के केली, की ऊर्जा दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट होते.

न भरून येणारे नुकसान

ही ऊर्जा भिंगापुरती मर्यादित राहिली असती, तर चिंतेचे कारण नव्हते. परंतु भिंगाच्या वरच्या बाजूस, तीनेक मिलिमीटरवर पारपटल असते. बुबुळासमोरच्या या पारदर्शक पडद्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. पारपटलातील पाणी सतत बाहेर उपसून त्याला पारदर्शक ठेवण्याचे काम या पेशी करतात. प्रौढ व्यक्तीत दर चौरस मिलिमीटरला साधारणतः दोन ते तीन हजार पेशी असतात. वयानुसार त्या अगदी संथ गतीने कमी होत जातात आणि माणसात नव्याने तयार होत नाहीत. एखादी पेशी मेली, की शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरतात. संख्या मात्र घटते ती घटतेच. ही संख्या दर चौरस मिलिमीटरला पाचशेच्या आसपास आली, की उपसा अपुरा पडू लागतो, पारपटल फुगते, दृष्टी धूसर होते आणि अखेर पारपटल रोपणाची पाळी येऊ शकते. मोतीबिंदू काढून दृष्टी मिळवायला आलेल्या रुग्णाला नेत्रदानाच्या प्रतीक्षायादीत उभे राहावे लागणे, याहून दैवदुर्विलास तो कोणता!

पेशींचे हे नुकसान अनेक मार्गांनी होते. श्राव्यातीत कंपनांमुळे द्रवात निर्माण होणारे मुक्त मूलकण हा एक मार्ग. भिंगाचे टणक तुकडे उसळून पारपटलाच्या आतल्या बाजूवर आदळणे हा दुसरा. द्रवाचा खळबळता प्रवाह हा तिसरा. त्यामुळे केवळ शक्ती कमी केली म्हणजे झाले, असे समजणे चुकीचे ठरते.

दुसरा धोका उष्णतेचा आहे. सुई आणि छेदाची कड यांच्यातील घर्षणातून उष्णता निर्माण होते. सुईभोवतीच्या मऊ आवरणातून आत जाणारा आणि सुईच्या पोकळीतून बाहेर शोषला जाणारा द्रव ही उष्णता वाहून नेतो. हा प्रवाह थांबला आणि शक्ती सुरूच राहिली, तर काही सेकंदांत छेदाच्या कडा भाजतात. सुमारे 60 अंश सेल्सियसला तेथील कोलॅजेन आकसते, छेद नीट मिटत नाही, टाके घालावे लागतात आणि वक्रता बिघडल्याने चष्म्याचा तिरपा नंबर येतो. प्रवाह थांबण्याचे नेहमीचे कारण म्हणजे डोळ्यात भरलेला संरक्षक जेल सुईच्या तोंडाशी अडकणे. म्हणूनच जाणकार शल्यविशारद शक्ती देण्यापूर्वी भिंगावरील थोडा जेल आधी शोषून घेतात. सुईच्या टोकाशी दुधासारखा पांढरा ढग दिसला, तर ती धोक्याची घंटा समजून पाय तत्काळ पेडलवरून मागे घ्यायचा असतो. असे अपघात विरळा होतात, पण ते टाळण्याचा उपाय इतका साधा आहे, की एकही घडणे क्षम्य वाटत नाही.

पायाखालचे नियंत्रण

या साऱ्या यंत्रणेची सूत्रे डॉक्टरांच्या पायाखाली असतात. पेडलचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर द्रव डोळ्यात वाहू लागतो, दुसऱ्यावर शोषण सुरू होते आणि तिसऱ्यावर श्राव्यातीत शक्ती मिळते. तिसऱ्या टप्प्यात पाय जितका खोल, तितकी शक्ती अधिक. पण यंत्रावर आधी निश्चित केलेल्या कमाल मर्यादेपलीकडे ती जात नाही. ही मर्यादा किती ठेवायची, हे शस्त्रक्रियेच्या टप्प्यावर आणि भिंगाच्या कठीणपणावर ठरते.

भिंगात खोल चर खोदण्याच्या पहिल्या टप्प्यात शोषण कमी आणि शक्ती तुलनेने अधिक लागते. येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. घाबरून शक्ती फारच कमी ठेवली, तर सुई भिंग कापत नाही, ढकलते. भिंग ज्या तलम तंतूंनी डोळ्यात तोलून धरलेले असते, त्यांच्यावर ताण येतो आणि ते तुटू शकतात. वृद्धांत, डोळ्याला मार लागलेल्यांत हे तंतू आधीच कमकुवत असतात. म्हणजे 'कमीत कमी शक्ती' हे उत्तर नव्हे. भिंग न हलता कापले जाईल इतपत शक्ती, हे उत्तर आहे. खोदकाम जसजसे तळाकडे जाते, तसतशी मात्र ती कमी करावी लागते, कारण खाली अवघ्या काही मायक्रॉन जाडीचे पातळ आवरण असते. ते फाटले, तर भिंगाचे तुकडे डोळ्याच्या मागच्या भागात घसरण्याची भीती असते.

चर खोदून भिंगाचे चार भाग करण्याची पद्धत कॅनडाचे हॉवर्ड गिम्बेल यांनी रूढ केली. पुढे 1993 साली जपानचे कुनिहिरो नागाहारा यांनी वेगळीच वाट दाखवली. लाकूड त्याच्या रेषेच्या दिशेने कुऱ्हाडीने फोडावे, तसे भिंगही त्याच्या तंतूंच्या दिशेने फोडता येईल, असा विचार त्यांनी केला. सुई भिंगात रुतवून घट्ट धरायची आणि दुसऱ्या हातातील छोट्या आकड्याने भिंग चिरायचे. या 'चॉप' पद्धतीत जे काम श्राव्यातीत शक्ती करीत होती, त्यातले बरेचसे हात करू लागले. साहजिकच डोळ्यात सोडली जाणारी ऊर्जा लक्षणीय घटली. या प्रतिनिधीच्या मते, शक्तीच्या बचतीत कोणत्याही नव्या यंत्राइतकाच, कदाचित त्याहूनही मोठा, वाटा या एका युक्तीचा आहे; फरक एवढाच, की युक्तीची जाहिरात होत नाही.

तुकडे झाल्यावर समीकरण उलटते. आता निर्वात शोषणाचा जोर वाढवून तुकडा सुईच्या तोंडाशी खेचायचा आणि शक्ती केवळ तो आत जाईल इतकीच द्यायची. मात्र शोषण वाढवण्यालाही किंमत आहे. तुकडा अचानक आत गेला, की साचलेला निर्वात दाब मोकळा होऊन डोळ्यातील द्रव झटक्यात ओढला जातो, कप्पा क्षणभर कोसळतो आणि मागचे आवरण सुईवर येऊन आदळू शकते. द्रवाच्या बाटलीची उंची, शोषणाचा वेग आणि नळीची लवचीकता यांचा मेळ घालून हा झटका आटोक्यात ठेवावा लागतो. शक्ती, शोषण आणि प्रवाह या तिन्हींचा एकत्रित विचार करावा लागतो तो यासाठी.

सलग की थांबून-थांबून?

शक्तीच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा प्रश्न ती देण्याच्या पद्धतीचा आहे. सलग कंपनांत तुकडा सुईपासून सतत दूर ढकलला जातो. त्याऐवजी कंपने थांबून-थांबून दिली, तर मधल्या विश्रांतीत शोषणाच्या जोराने तुकडा पुन्हा सुईला चिकटतो आणि सुईला थंड होण्यासही अवसर मिळतो. 50 मिलिसेकंद कंपन आणि 50 मिलिसेकंद विश्रांती ठेवली, की त्याच शक्तीवर ऊर्जा निम्मी होते. या शतकाच्या आरंभी विश्रांतीचा काळ काही मिलिसेकंदांपर्यंत सूक्ष्मपणे नियंत्रित करणारी यंत्रे आली. दुसऱ्या एका प्रकारात शक्ती ठरावीक असते आणि पेडल दाबावे तसे तिचे झटके अधिकाधिक जवळ येतात. चॉप करण्यापूर्वी सुई रुतवण्यास तो सोयीचा पडतो.

2006च्या सुमारास सुईच्या हालचालीची दिशाच बदलणारे तंत्र बाजारात आले. यात वाकडी सुई पुढे-मागे न होता सेकंदाला सुमारे 32 हजार वेळा डावी-उजवीकडे वळते. दोन्ही दिशांना कापत असल्याने ती तुकडा ढकलत नाही. शिवाय टोकाच्या मानाने छेदापाशी तिची हालचाल फारच कमी असल्याने तेथील उष्णताही घटते. कठीण मोतीबिंदूसाठी आज अनेक शल्यविशारद या पद्धतीला पसंती देतात.

शस्त्रक्रिया संपली, की यंत्राच्या पडद्यावर एकूण खर्च झालेल्या ऊर्जेचा आकडा उमटतो. त्याची मूळ रीत सोपी आहे. सरासरी 20 टक्के शक्ती 50 सेकंद वापरली, तर ती 100 टक्के शक्तीच्या 10 सेकंदांइतकी धरतात. आडव्या वळणाच्या यंत्रात या गुणाकाराला 0.4 ने गुणले जाते. त्यामुळे दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे ठरते. एकाच यंत्रावर, एकाच डॉक्टरांच्या कामाचा आलेख पाहण्यासाठी मात्र हा आकडा उत्तम आहे.

भारतीय डोळ्यांचा प्रश्न

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. तेथे रुग्ण दृष्टी किंचित मंदावताच शस्त्रक्रिया करून घेतो. भिंग मऊ असते. आपल्याकडे, विशेषतः ग्रामीण भागात, 'मोतीबिंदू पिकू द्या' या जुन्या समजुतीपायी वर्षे निघून जातात आणि भिंग तपकिरी, क्वचित काळपट व लाकडासारखे टणक होते. 2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय पाहणीनुसार पन्नाशीपुढील अंधत्वाच्या प्रकरणांपैकी सुमारे 66 टक्के प्रकरणे मोतीबिंदूमुळे होती. पिकू देण्याची ती समजूत जुन्या काळी, मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत, सयुक्तिक होती. फेकोच्या बाबतीत ती थेट हानिकारक आहे, कारण भिंग जितके टणक, तितकी शक्ती अधिक आणि पेशींचे नुकसानही अधिक.

अशा टणक मोतीबिंदूंसाठी श्राव्यातीत शक्तीचा अट्टहास न धरता, सुमारे सहा मिलिमीटरच्या बिनटाक्याच्या छेदातून भिंग सबंध बाहेर काढण्याची हातांची पद्धत भारत व नेपाळमध्ये विकसित झाली. पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 रुग्णांवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात, सहा आठवड्यांनंतर चष्म्याविना चांगली दृष्टी मिळण्यात फेको सरस ठरली. चष्म्यासह मात्र दोन्ही गटांतील 98 टक्क्यांहून अधिक रुग्णांना समाधानकारक दृष्टी लाभली. त्याच रुग्णालयातील पुढच्या एका अभ्यासात पारपटलाच्या पेशींची घट दोन्ही पद्धतींत जवळपास सारखीच, 15 टक्क्यांच्या आसपास आढळली. यंत्राविना केलेली शस्त्रक्रिया म्हणजे दुय्यम दर्जाची, असे मानणाऱ्या शहरी वाचकांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

खऱ्या अर्थाने लेझर वापरणारी शस्त्रक्रिया 2008 साली बुडापेस्टमध्ये झोल्तान नॅजी यांनी प्रथम केली. तीत लेझरने भिंगाचे आधी तुकडे पाडले जातात. उरलेले काम फेकोच करते. यामुळे श्राव्यातीत ऊर्जा वाचते, परंतु फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांत झालेल्या व 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या फेकोपेक्षा ती श्रेष्ठ असल्याचे दिसले नाही. खर्च मात्र बराच वाढतो.

रुग्णाने काय विचारावे?

शक्तीचे टक्के ठरवणे हे रुग्णाचे काम नव्हे. तरीही काही गोष्टी त्याने आवर्जून विचाराव्यात. भिंग किती कठीण आहे, हे डॉक्टरांना पूर्वतपासणीत कळलेले असते. पारपटलाच्या पेशी मोजणारी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी ही वेदनारहित तपासणी काही मिनिटांत होते. मधुमेह, पूर्वी झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया वा दुखापत, पारपटलाचा आनुवंशिक विकार किंवा एकच डोळा कामाचा असणे, अशा परिस्थितीत ती करून घेणे इष्ट असते. पेशी मुळातच कमी असतील, तर डॉक्टर जेलचा प्रकार बदलतात, भिंग फोडण्याचे काम पारपटलापासून शक्य तितके दूर, खोलवर करतात किंवा हातांच्या पद्धतीकडे वळतात.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-चार दिवस धूसर दिसणे अनेकदा पारपटलाच्या तात्पुरत्या सुजेमुळे असते व ती ओसरते. दृष्टी सुधारण्याऐवजी खालावत गेली, डोळा दुखू लागला वा लाल झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. घरी परतताना मिळणाऱ्या कार्डावर कृत्रिम भिंगाचा नंबर लिहिलेला असतोच. त्याच्याच शेजारी भिंगाचा कठीणपणा, यंत्राचा प्रकार आणि खर्च झालेल्या ऊर्जेचा आकडा लिहून देण्याची विनंती करावी. काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची पाळी येते, तेव्हा शल्यविशारद बदललेला असला, तरी ही एक ओळ त्याच्या उपयोगी पडते.